पहिल्या दोनशे नोंदी

माझं पहिलं छापील पुस्तक प्लास्टिकच्या स्पायरलमध्ये बांधलेलं होतं. त्यावर माझं नाव नव्हतं, आणि ते कुणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं असेल, असा गैरसमज मी तेव्हाही करून घेतला नव्हता. पण त्याचे प्रयोग झाले. अगदी नाटकाचे होतात तसे, तालमीसकट. आणि त्यातला एक प्रयोग असा रंगला की त्यासाठी मला ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटीने जावं लागलं, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी डोंबिवलीची, नुकतीच संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि एकांकिकांचं वेड असलेली मुलगी. वजन इतकं कमी, की आमच्या नाट्यसंस्थेत मला कायम भूत, दुष्काळ किंवा मोलकरीण यांपैकी एक भूमिका मिळायची. नोकरी मिळाली ती ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. खाली पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना, वरच्या गाळ्यात आम्ही. खालचं प्रेस मशीन धाड्कन आपटलं की वर आमच्या टेबलावरचा चहा शहारायचा. आम्ही चौघं मिळून संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर बनवायचो आणि विकायचो. आकड्यांची फाइल त्याला द्यायची आणि ते सरासरी, टक्केवारी, तक्ते काढून देणार. गिऱ्हाइकं म्हणजे कारखाने, कॉलेजं आणि हौशी माणसं.

चौघं म्हणजे कोण, तर एक साहेब. कॉलेजातली प्राध्यापकी सोडून धंद्यात पडलेले, आणि धंद्यातही प्राध्यापकच राहिलेले. दुसरा प्रोग्रामर, जो स्वतःच्या प्रोग्रामबद्दल कुणी वाकडं बोललं की सख्ख्या बहिणीबद्दल बोलल्यासारखा उठायचा. तिसऱ्या टायपिस्टबाई, ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. टायपिंग, हिशेब, फोन आणि आमच्या प्रकृतीची चौकशी ही चारही खाती त्यांच्याकडे. आणि चौथी मी. माझं काम पुस्तक लिहिण्याचं. म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारं पुस्तक, आणि त्यात उदाहरणं.

साहेबांचा उदाहरणांवर फार जीव. ते म्हणायचे, "लोक समजावून सांगितलेलं वाचत नाहीत. उदाहरण मात्र उतरवून काढतात. तेव्हा उदाहरण असं हवं, की जसंच्या तसं टाइप केलं की चाललंच पाहिजे." त्यावर त्यांचे तीन नियम होते. उदाहरण एका दमात चालायला हवं, मध्ये कुठे अडखळता कामा नये. पडद्यावर येणारं उत्तर पुस्तकात छापलेल्या उत्तराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला हवं. आणि समोर ठेवलेला चहा गार होण्याच्या आत संपायला हवं. "गिऱ्हाइकाचा चहा गार झाला की त्याला वाटतं मशीन बिघडलं," असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून रोज दुपारी तालीम. टायपिस्टबाई कीबोर्डसमोर बसायच्या, मी विंगेत उभं राहिल्यासारखी कपाटाला टेकून प्रॉम्प्टिंग करायची, आणि साहेब हातात चहाचा ग्लास घेऊन प्रेक्षक. मी वाचलेलं बाई जसंच्या तसं टाइप करायच्या, स्वतःची अक्कल वापरायची त्यांना सक्त मनाई होती. मनाईचं त्यांना मुळीच वाईट वाटायचं नाही.

"बरा हाय," त्या म्हणायच्या. "घरी समद्यांना माझीच अक्कल लागते. इथं जरा आराम."

तालमीच्या शेवटी डबा उघडायचा, मग त्यांच्या दुसऱ्या खात्याचं काम सुरू. "काय गो, पोळी आन् लोणचा? ह्याला जेवान म्हनतान? मावरा खा जरा मावरा. बोंबील तरी खा. वारा आला तर खाडीत जाशील उडून."

"बाई, आमच्या घरी चालत नाही."

"मंग उड," असं म्हणून त्या आपला बांगड्याचा डबा माझ्या नाकाखालून मुद्दाम सावकाश नेत.

आता आमच्या सॉफ्टवेअरची खरी शेखी काय होती, तर मोठी फाइल. त्या काळच्या कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे मुंबईतली खोली. फाइल जरा मोठी झाली की इतर सॉफ्टवेअर सरळ हात वर करायची. आमचं मात्र फाइलीतल्या थोड्या थोड्या नोंदी आत घ्यायचं, त्यांचा हिशेब करायचं, त्यांना बाहेर काढून पुढच्या घ्यायचं. हळू, पण शेवटापर्यंत नेणारं. ही शेखी पुस्तकात मिरवायची तर उदाहरणातली फाइलही मोठीच हवी. आणि मोठी फाइल म्हटली की अर्धा दिवस गेला. चहा गार होतो म्हणता, तो आटून बुरशी धरायची वेळ.

त्यावर तोडगा प्रोग्रामरने काढला. "एक ओळ टाकू ना. फाइल मोठीच उघडायची, पण हिशेब पहिल्या दोनशे नोंदींचाच. मी कमांड करून ठेवलेली आहे."

झालं. फाइल उघडा, पहिल्या दोनशे नोंदी घ्या, सरासरी काढा. तीन ओळींचं सुटसुटीत नाटक, पडदा चहाच्या आत.

ती मोठी फाइलही आमचीच निर्मिती. कुणा गिऱ्हाइकाचे खरे आकडे छापता येत नाहीत, म्हणून मी आणि प्रोग्रामरने मिळून एक गाव जन्माला घातलं. हजारो घरं. कुठल्या घरात माणसं किती, कमाई किती, विहीर किती लांब, हे सगळं कॉम्प्युटरकडून फासे टाकल्यासारखं पाडून घेतलं. सावकाराच्या शेजारी भिकारी, भिकाऱ्याच्या शेजारी शिक्षक. अशा गावातली पहिली दोनशे घरं घ्या की मधली दोनशे घ्या, उत्तर सारखंच. तालमीत कधी काही खुपलंच नाही. पुस्तक छापून आलं, खोकी भरून गाळ्यात रचली, आणि आम्ही ती विकायला लागलो.

मग एका गुरुवारी दुपारी जिना चढून डॉक्टरीणबाई आल्या.

कल्याणला त्यांचा दवाखाना होता. पन्नाशी उलटलेली, सुती साडी, हातात शबनम आणि आवाज असा, की खालचं प्रेस मशीन दबकून आपटायला लागलं. शबनममधून त्यांनी आमचं पुस्तक काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. नंतर एक प्रिंटआउट काढला आणि पुस्तकावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतं."

प्रोग्रामर उठला.

"बसा," साहेब त्याला म्हणाले. "बाई, तुम्हीही बसा. काय झालं ते सांगा."

झालं होतं ते असं. एका धर्मादाय ट्रस्टच्या गाडीतून डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा गावोगावच्या शाळांत जायच्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यांपासून ते पार खडवलीच्या पलीकडच्या पाड्यांपर्यंत. मुलांचं रक्त तपासायच्या, लोहाच्या गोळ्या द्यायच्या. आता ट्रस्टमधल्या काही मंडळींना वाटायला लागलं होतं, की गाडी आणि गोळ्या यांची खरंच गरज आहे का? शनिवारी त्यांची बैठक होती. तिथे ठरणार होतं, गाडी चालू ठेवायची की बंद करायची. आणि बैठकीत नुसतं बोलणं चालणार नव्हतं. सगळ्या मुलांचे आकडे कॉम्प्युटरवर काढून आणा, असा निरोप होता. म्हणून बाईंनी आमचं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, भाच्याच्या कॉम्प्युटरवर बसून पुस्तकातलं उदाहरण बघून बघून हिशेब केला होता, आणि उत्तर आलं होतं, की मुलांची तब्येत झकास आहे. अशक्त मूल क्वचित एखादं.

"छान की मग," मी म्हणाले. मला गप्प बसता येत नाही, तेव्हाही येत नसे.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अगं मुली, या अंगठ्याने मी त्या पोरांच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली आहे. खडवलीकडच्या शाळेत एका बाकावर चार मुली बसतात, चौघींच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या. मी त्यांना नावानिशी ओळखते. आणि हा कागद म्हणतो सगळं ठीक आहे. हा शनिवारी त्या लोकांपुढे ठेवला, की सोमवारी गाडी बंद. नाही ठेवला, तर म्हणतील आकडेच नाहीत, गाडी बंद. मला एवढंच सांगा, चूक माझ्या अंगठ्याची की तुमच्या यंत्राची?"

खालचं मशीन एकदा आपटलं.

"प्रोग्राममध्ये चूक असणं शक्य नाही," प्रोग्रामर म्हणाला. "मी सगळं तपासलेलं."

"तालीम घेऊ," साहेब म्हणाले. त्यांच्याकडे प्रत्येक संकटावर हाच उपाय होता.

डॉक्टरीणबाईंनी शबनममधून रबरबँड लावलेला फ्लॉप्यांचा गठ्ठा काढला. प्रोग्रामरने त्या एकेक करून आत उतरवल्या. मग डॉक्टरीणबाई कीबोर्डसमोर बसल्या, पुस्तक शेजारी उघडून धरलं, आणि त्यांनी घरी जे केलं होतं तेच पुन्हा करायला सुरुवात केली. आम्ही चौघं मागे उभे. साहेबांच्या हातात सवयीने चहा.

पहिली ओळ, फाइल उघडा. पुस्तकातल्या आमच्या गावाच्या नावाऐवजी त्यांनी स्वतःच्या फाइलचं नाव घातलं. बरोबर. दुसरी ओळ त्यांनी पुस्तकात बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवून उतरवली. पहिल्या दोनशे नोंदी घ्या.

मागून प्रोग्रामरचा श्वास ऐकू आला. साहेबांनी चहा टेबलावर ठेवला. मी छताकडे बघितलं. छतात काही नव्हतं.

तिसरी ओळ. उत्तर हजर. मुलांची तब्येत झकास.

"बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हे खाली नोंदी दोनशे असं येतं, तेही तुमच्या पुस्तकात आहे तसंच. तेवढं जुळलं म्हणून तर मला वाटलं, मी बरोबर करते आहे."

साहेबांनी प्रोग्रामरकडे पाहिलं, प्रोग्रामरने माझ्याकडे, मी टायपिस्टबाईंकडे, आणि टायपिस्टबाईंनी डब्याकडे.

शेवटी मीच म्हणाले, "डॉक्टर, ती मधली ओळ... ती फक्त उदाहरण लवकर संपावं म्हणून आहे. खऱ्या कामात ती काढायची असते. तसं लिहिलंय. पान उलटलं की."

"पान कशाला उलटू? उत्तर आलं होतं."

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. पडदा पडल्यावर कुठला प्रेक्षक खुर्चीत बसून राहतो?

"या फाइलमध्ये पहिल्या नोंदी कुठल्या आहेत?" साहेबांनी विचारलं. त्यांच्यातला प्राध्यापक जागा झाला होता.

"जशी गाडी गेली तशा भरल्या. आधी खाडीकाठ. कोळीवाडे. मग आत आत, शेवटी खडवलीच्या पुढे."

टायपिस्टबाई खुदकन हसल्या. "म्हंजे ही आमची पोरा! दोन येल मावरा खानारी. त्यांना काय धाड भरलीय?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं. मला वाटलं, आता माझ्या छोट्याशा आयुष्यातला सगळ्यात मोठा ओरडा. पण त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"आमच्याकडे पातळ औषधाची बाटली असते बघ, तिच्यावर कागदी पट्टी चिकटवलेली असते, किती घ्यायचं त्याच्या खुणांची. औषध तळाशी बसलेलं असतं. न हलवता पहिला चमचा घेतला तर पोटात नुसतं पाणी जातं. म्हणून आम्ही लिहितो, हलवून घ्या. कुठे लिहितो? बाटलीवर. मागच्या पानावर नाही."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, पुस्तकाच्या त्या पानावर समासात हे वाक्य उतरवून घेतलं आणि चहा पिऊन टाकला. गार झाला होता.

मग प्रोग्रामरने मधली ओळ बदलली. पहिल्या दोनशेऐवजी दर पंचविसावी नोंद. म्हणजे खाडीपासून पाड्यापर्यंत फाइलभर उड्या मारत जायचं, सगळीकडचा थोडा थोडा घास घ्यायचा. नवा चहा येईपर्यंत उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंचा अंगठा खरा होता. खाडी सोडून आत जाल तशी मुलं पांढरी पडत गेलेली.

साहेब खूश. "झालं! नमुना उत्तम आहे. शास्त्राच्या दृष्टीने एवढं पुरे."

"तुमच्या शास्त्राला पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्या ट्रस्टींना नाही. पंचविसांतलं एकच मूल मोजलं म्हटलं की ते विचारतील, बाकीची चोवीस कुठे लपवलीत? मला सगळी पोरं हवीत. एकूण एक."

सगळी म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. घड्याळात पाच वाजत आलेले, सातला कारखान्याचं फाटक बंद. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वागळे इस्टेटमध्ये शुक्रवार म्हणजे वीज बंद, कारखान्यांची सुट्टी, पंखासुद्धा फिरायचा नाही. डॉक्टरीणबाईंच्या भाच्याचा कॉम्प्युटर भाच्यासकट पुण्याला गेलेला. शनिवारी सकाळी बैठक.

"कल्याणला असते उद्या वीज," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला स्टेजवर वाक्य विसरल्यावर काहीतरी ठोकून द्यायची सवय होती. पुष्कळदा ते मूळ वाक्यापेक्षा बरं निघायचं.

"कॉम्प्युटरच नेऊ की दवाखान्यात."

साहेबांचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही. तो कॉम्प्युटर म्हणजे गाळ्यातली एकुलती एक संपत्ती. त्याच्यासाठी ते आम्हाला चपला बाहेर काढायला लावायचे. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मग म्हणाले, "चादर माझ्या घरून आणतो. जाड आहे."

शुक्रवारी सकाळी खोपटच्या डेपोत आमची वरात पोचली. प्रोग्रामरच्या कडेवर कॉम्प्युटरचा डबा. माझ्या हातात चादरीत गुंडाळलेला पडदा. टायपिस्टबाईंनी कीबोर्ड काखोटीला मारलेला आणि दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. त्यांना खरं तर सुट्टी होती. पण "तुमी दोघा वाटेत भांडाल आन् त्याला पाडाल," म्हणून आल्या. कल्याणच्या एसटीत आम्ही खिडकीजवळची तिघांची सीट धरली. मी पडदा मांडीवर घेतला, बाळाला घेतात तसा, मान सांभाळून.

कंडक्टर आला. "ताई, हे काय? टीव्ही?"

"कॉम्प्युटर."

"आणि ते त्यांच्याकडचं?"

"तेही कॉम्प्युटर. एकच आहे. हे त्याचं डोकं, ते त्याचं धड."

"काढलंय कशाला धड वेगळं?"

"दवाखान्यात चाललंय," टायपिस्टबाई म्हणाल्या.

मागच्या सीटवरच्या आजोबांनी पुढे वाकून चादरीकडे पाहिलं आणि सहानुभूतीने विचारलं, "कधीपासून आजारी आहे?"

"आजारी नाहीये तो!" प्रोग्रामर ओरडला. "व्यवस्थित चालतो!"

"मग चालवत न्या की," कंडक्टर म्हणाला, आणि सगळी गाडी हसली. त्याने लगेजचं तिकीट फाडलं, माझ्या हातात ठेवलं, आणि पुढे जाता जाता ड्रायव्हरला हाक दिली, "सावकाश घे रे, गाडीत पेशंट आहे!" कल्याण येईपर्यंत ड्रायव्हरने एकाही खड्ड्यात गाडी आपटली नाही. पुढे कित्येक वर्षं मी त्या रस्त्याने गेले, पण तशी गाडी परत कुणी चालवली नाही.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई, बाहेर बाकांवर पेशंट, आणि मधल्या लाकडी खिडकीमागे कंपाउंडर. धड आणि डोकं आम्ही त्या खिडकीशेजारच्या टेबलावर जोडलं. प्रोग्रामरने हात जोडले आणि बटण दाबलं. पडदा उजळला. बाकांवरचा खोकला थांबला.

यावेळी मधली ओळच नाही. फाइल उघडा, सरासरी काढा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठं काम चालू असताना थोड्या थोड्या नोंदी संपल्या की पडद्यावर एक ठिपका उमटायचा, मशीन जिवंत आहे एवढं कळायला. ठिपका आला. खूप वेळाने दुसरा आला.

"कुणाचा रिपोर्ट यायचाय?" एका बाईने विचारलं. कडेवर तापाने फणफणलेलं पोर.

"सगळ्या गावांचा," मी म्हणाले.

"बया!" ती म्हणाली, आणि स्वतःचा नंबर आला तरी उठेना. दोन ठिपके आणखी बघून मग गेली.

दुपार झाली. पेशंट बदलले, पण नवे आलेले जुन्यांना विचारून घ्यायचे, कुठवर आलंय. कुणीतरी सांगायचं, "आत्ता टिटवाळ्याच्या आसपास असेल." तसं सांगायला पडद्यावर काहीच आधार नव्हता, पण सगळ्यांना पटायचं. कंपाउंडर कात्रीने पट्ट्या कापत बसला होता, औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या. टायपिस्टबाईंनी डबा उघडला आणि आज माझ्या नाकाखालून नेला नाही. त्यात माझ्यासाठी वेगळ्या पानात तांदळाची भाकरी आणि लाल माठाची भाजी होती. "मावरा नाय, पान खा तरी," एवढंच म्हणाल्या.

अधूनमधून डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून बाहेर यायच्या, ठिपके बघायच्या, आत जायच्या. एकदा वीज लुकलुकली, नुसती लुकलुकली, आणि परत स्थिर झाली. प्रोग्रामरच्या कपाळावर घामाचे थेंब होते. ते त्याने पुसलेही नाहीत, जणू हललं तर वीज जाईल.

उन्हं उतरता उतरता ठिपके थांबले आणि खाली आकडे आले.

डॉक्टरीणबाईंना हाक मारावी लागली नाही. ठिपक्याचा आवाज नसतो, पण त्या आल्या. मी खुर्चीतून उठले, त्या बसल्या. सर्वांत खालची ओळ त्यांनी आधी वाचली, किती नोंदी धरल्या ती. आदल्या दिवशी शिकलेलं त्या विसरल्या नव्हत्या. एकूण एक पोर आलं होतं. मग वरचं वाचलं. नमुन्याने सांगितलं होतं जवळपास तेच, थोडं आणखी वाईट. त्यांनी एकदा मान हलवली. आनंदाची नव्हती ती मान. कुणाचा संशय खरा ठरला म्हणून पोरांच्या पापण्या लाल होत नाहीत.

"हे मी उद्या त्यांच्यापुढे ठेवते," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "तुझ्या पुस्तकाचं काय करणार?"

खोकी भरून पुस्तकं छापलेली होती, ती फेकणं साहेबांना झेपलं नसतं. मी कंपाउंडरच्या हातातल्या पट्ट्यांकडे पाहिलं. कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं आणि खळीचा डबा पुढे सरकवला.

सोमवारी सकाळी गाळ्यात फोन वाजला. टायपिस्टबाईंनी घेतला, ऐकला, आणि रिसिव्हरवर हात न ठेवताच ओरडल्या, "गाडी चालू!" म्हणजे तो आवाज कल्याणला डॉक्टरीणबाईंच्या कानात गेला आणि खाली डब्यांच्या कारखान्यातही. बैठकीत बाकीची पोरं कुठे लपवलीत, असा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. खालची ओळ वाचून एक ट्रस्टी म्हणाले होते, एवढी सगळी पोरं मोजलीत? आणि पुढचं वर्ष मंजूर झालं होतं.

तो आठवडा आम्ही चौघांनी पट्ट्या चिकटवण्यात घालवला. प्रत्येक पुस्तकात, त्या उदाहरणाच्या डोक्यावर, खाली नाही: "पुढची दुसरी ओळ केवळ सरावासाठी. खऱ्या कामात ती काढावी, चहा गार झाला तरी चालेल." शेवटचं वाक्य मी साहेबांना न विचारता घातलं होतं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुढची पट्टी उचलली. डॉक्टरीणबाईंच्या प्रतीवर मी वेगळी पट्टी लावली. ती कंपाउंडरकडूनच आणलेली होती, छापील, दवाखान्याची: हलवून घ्या.

ती प्रत द्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "आलीच आहेस तर चल गाडीतून. आज खडवली." मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात मुलींची रांग लागली. डॉक्टरीणबाई अंगठ्याने एकेकीची पापणी खाली ओढायच्या, मी तक्त्यात लिहायची, आणि गोळ्यांची पुडी हातात द्यायची. रांगेतल्या एका चिमुरडीने पुडी घेतली आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या ताईचे डोले नाय बगत?"

"बघूया की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत अंगठा माझ्या डोळ्याखाली आला होता. मी वर बघत उभी. व्हरांड्याच्या कौलांतून ऊन येत होतं. पोरी खिदळत होत्या.

"अगं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू तर त्या बाकावरची पाचवी!"

त्यांनी पुडी माझ्या हातात ठेवली आणि पुढचीला हाक मारली. मी तीन महिने गोळ्या घेतल्या, लाल माठ खाल्ला, आणि पुढच्या वर्षी एकांकिकेत मला सासूची भूमिका मिळाली.